योरुबा पेपर नेमकं कोण वाचतं?

प्रश्न थोडक्यात असा होता: पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातल्या एका विद्यार्थ्याने भारताबाहेरच्या भाषिक वृत्तपत्रांवर प्रबंध घेतलाय आणि त्यासाठी नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातल्या योरुबा भाषेची वृत्तपत्रं निवडलीत. त्याला जे वाचायला मिळालं, त्यात एकच वाक्य पुन्हापुन्हा येतं. योरुबा पेपर कमी शिकलेले, कमी कमावणारे लोक वाचतात आणि शिकलेले इंग्रजी वाचतात. तो विचारतो, "हे खरं आहे का? आणि सामाजिक पार्श्वभूमी व वाचन यांचा संबंध दाखवायचा तर कोणते घटक घेऊ? शिक्षण, उत्पन्न, वय एवढे पुरतील का?"

मी अकरा वर्षं लागोस आणि इबादानमध्ये वाचक-पाहण्यांचं काम केलं. जाहिरात एजन्सींना कोणता पेपर कोणाच्या हातात पडतो हे सांगायचं, हा आमचा धंदा. त्यामुळे हे उत्तर प्राध्यापकाचं नाही, दारोदार फॉर्म भरून घेणाऱ्याचं आहे, असं समजून वाचा.

तुमचं ते वाक्य साफ खोटं नाही. पण "वाचतात" या एका शब्दात तीन वेगळी माणसं कोंबलीयत: पेपर वाचता येणारा, पेपर वाचतो असं कबूल करणारा आणि पेपरातली बातमी ज्याच्यापर्यंत पोचते तो. या तिघांची सामाजिक पार्श्वभूमी एक नसते. शिवाय कोणत्या काळाबद्दल बोलतोय, लागोस की इबादान की इलोरिन, आणि पेपर राजकीय की करमणुकीचा, यावर उत्तर बदलतं. म्हणून "हो" किंवा "नाही" असं उत्तर मी देणार नाही. माझ्या पहिल्याच वर्षी हे मला कसं कळलं ते आधी सांगतो.

लागोसच्या मुशिन भागात एक माणूस भेटला. सरकारी खात्यात वरच्या पदावर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "कोणते पेपर वाचता?" म्हटल्यावर त्याने तीन इंग्रजी पेपरांची नावं धडाधड सांगितली. योरुबा? "नाही नाही, ते आमच्या ड्रायव्हरसाठी." फॉर्म भरला, सही झाली. त्याच संध्याकाळी मी केस कापायला गेलो तर तोच गृहस्थ खुर्चीत आणि हातात 'आलारोये' हे योरुबा साप्ताहिक, अगदी आतल्या पानापर्यंत. मला बघून हसला आणि म्हणाला, "ओगा, हा न्हाव्याचा आहे." ओगा म्हणजे साहेब. पेपर न्हाव्याचाच होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण आमच्या फॉर्ममध्ये तो योरुबा न वाचणारा म्हणून नोंदला गेला आणि न्हावी वाचणारा म्हणून. अशा शेकडो फॉर्मांची बेरीज केली की निष्कर्ष निघतो: शिकलेले योरुबा वाचत नाहीत.

दुसऱ्या वर्षापासून आम्ही "कोणता पेपर वाचता" हा प्रश्नच काढून टाकला. त्याऐवजी पेपरांची पहिली पानं समोर पसरायची आणि विचारायचं, "यातलं काय गेल्या आठवड्यात हातात आलं होतं? कुठे? कोणाचं होतं?" माणूस स्वतःबद्दल प्रतिष्ठेचं उत्तर देतो, पण न्हाव्याच्या दुकानाबद्दल खरं सांगतो. वरच्या थरातले योरुबा वाचक तेव्हा कुठे दिसायला लागले.

आता इतिहास. तुमच्या वाक्याला सगळ्यात मोठा तडा तिथेच जातो.

पहिलं योरुबा वृत्तपत्र 'इवे इरोहिन' 1859 च्या डिसेंबरमध्ये अबेओकुटा गावी निघालं. काढणारे हेन्री टाउनसेंड, चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री. लोकांना वाचून माहिती मिळवायची सवय लागावी हा त्यांचा उघड हेतू होता. पण सवय लावायची कोणाला? तेव्हा लॅटिन लिपीतली योरुबा वाचता येणारे म्हणजे मिशनच्या शाळेत गेलेले आणि सिएरा लिओनहून परतलेले 'सारो'. हे सारो मूळ योरुबाच. गुलामांच्या जहाजांवरून इंग्रजांच्या आरमाराने सोडवून फ्रीटाउनला उतरवलेले, तिथे शिकलेले आणि मग घरी परत आलेले. योरुबाचं व्याकरण आणि शब्दसंग्रह छापणारे, पुढे 1864 मध्ये बिशप झालेले सॅम्युएल अजाई क्राउदर त्यांच्यातलेच. म्हणजे योरुबा पेपरचा पहिला वाचक गावातला सर्वांत जास्त शिकलेला माणूस होता, कमी शिकलेला नव्हे. वर्षभरात त्याच पेपरात इंग्रजीही आली. 1867 मध्ये अबेओकुटातून युरोपियनांना हाकललं गेलं, तेव्हा पेपरही बंद पडला.

मग 1920 चं दशक. माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे, तेव्हा जरा थांबतो.

1922 ते 1928 या सहा-सात वर्षांत योरुबा पेपरांची रांग लागली. अडेओये देनिगांचा 'एको अकेटे' 1922 चा, अकिंतान यांचा 'एलेती ओफे' 1923 चा, इबादानमध्ये कवी ओबासांचा 'योरुबा न्यूज' 1924 चा आणि आय. बी. थॉमस यांचा 'अकेडे एको' 1928 चा. एको हे लागोसचं योरुबा नाव आणि अकेडे म्हणजे दवंडी पिटणारा. लागोसचा दवंडीवाला! नावातच कळतं की संपादकाच्या डोळ्यांसमोर वाचणारा कमी आणि ऐकणारा जास्त होता.

हे सगळे एकदम का निघाले? इंग्रज सरकारच्या 1922 च्या नव्या राज्यघटनेने लागोसला विधिमंडळात तीन निवडून आलेल्या जागा दिल्या. मताचा हक्क मात्र वर्षाला शंभर पौंड कमावणाऱ्या पुरुषांनाच, म्हणजे मूठभरांना. पण याच काळात लागोसच्या पारंपरिक राजाचा, एशुग्बायी एलेकोचा, तंटा पेटला होता. सरकारने 1925 मध्ये त्याला हद्दपार केलं आणि तो परतला 1931 मध्ये. या तंट्यात मत नसलेले लोक महत्त्वाचे ठरले: बाजारातल्या बायका, जुन्या पेठांमधली घराणी, मशिदींमधली मंडळी. त्यांच्यापर्यंत इंग्रजीतून जाता येत नव्हतं. मग जे इंग्रजीत लिहू शकत होते तेच संपादक योरुबात लिहू लागले. 'अकेडे एको'त इंग्रजी मजकूरही असायचा. म्हणजे लिहिणारा दुभाषी, हातात घेऊन वाचणारा बहुतेक दुभाषी (कारकून, शाळामास्तर, चर्चमधला उपदेशक, थोडंफार शिकलेला व्यापारी) आणि त्याच्याभोवती बसून ऐकणारा एकभाषी. खप लहान, पोच मोठी.

त्या वाचकाचा एक पुरावा मला फार आवडतो. 1929-30 मध्ये 'अकेडे एको'त सेगिलोला नावाच्या बाईची पत्रं क्रमशः येऊ लागली. तरुणपणी अनेक पुरुषांना नादी लावलेली ही बाई आता आजारी, एकाकी होती आणि आपलं आयुष्य संपादकाला लिहून कळवत होती. गल्ल्यांची नावं खरी, गाणी खरी, सणसमारंभ खरे. लोकांना ती खरीच वाटली. तिच्याबद्दल वाचकांची पत्रं छापून आली. ती कोण असेल यावर गाव तर्क करू लागलं. पत्रं लिहीत होते संपादक थॉमस स्वतः. 1930 मध्ये त्या पत्रांचं पुस्तक झालं आणि आज बरेच जण त्याला योरुबातली पहिली कादंबरी मानतात. आता बघा, संपादकाला पत्र पाठवणारा माणूस लिहिता-वाचता होता, टपालाचा खर्च करत होता आणि छापलेल्या मजकुराला उत्तर देण्याचा आत्मविश्वास त्याच्यात होता. तो तळातला नव्हता. अगदी वरच्या, लंडनला जाऊन वकील झालेल्या घराण्यांतलाही नसावा. मधला, शहरात नव्याने स्थिरावत असलेला वर्ग तो. तुमच्या "शिकलेले विरुद्ध न शिकलेले" या दोन खणांत त्याला जागाच नाही.

चित्र पालटलं ते 1955 पासून. त्या वर्षीच्या जानेवारीत पुढारी ओबाफेमी अवोलोवोंच्या सरकारने नायजेरियाच्या पश्चिम विभागात, म्हणजे योरुबा प्रदेशात, मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. पहिली काही वर्षं शाळा योरुबात, पुढे इंग्रजी. शेतकऱ्यांची, विणकरांची, कोकोच्या मळ्यांवर राबणाऱ्यांची मुलं शाळेत गेली. त्यातली पुष्कळ प्राथमिकनंतर थांबली आणि सुतार, शिंपी, मेकॅनिक, ड्रायव्हर झाली. या पिढीला योरुबा नीट वाचता येते आणि इंग्रजी पेपर जड जातो. 'इरोहिन योरुबा' हा साप्ताहिक पेपर आणि 1970 मध्ये इबादानच्या स्केच प्रकाशनाने काढलेला 'ग्बोहुन्ग्बोहुन' (म्हणजे प्रतिध्वनी) यांना वाचक मिळाले ते इथून. तुमचं "कमी शिकलेले" हे वाक्य खरं ठरायला लागतं ते या काळात. ते एका पिढीचं वर्णन आहे, भाषेचं नव्हे.

इबादानच्या दुग्बे बाजाराजवळ एक म्हातारा सुतार होता, सगळे त्याला बाबा म्हणायचे. दर आठवड्याला पेपर घ्यायचा आणि संपला की घडी घालून पेटीत ठेवायचा. मी विचारलं, बाबा, इंग्रजी का नाही घेत? म्हणाला, "इंग्रजी पेपर वाचला की काय झालं ते कळतं. योरुबा वाचला की कोण कोणाला काय म्हणालं ते कळतं." मग त्याने एक मथळा वाचून दाखवला. तो अख्खा मथळा म्हणजे एक म्हण होती, अर्धीच छापलेली. उरलेली अर्धी वाचकाला ठाऊक असणारच असं संपादकाने गृहीत धरलं होतं. मला ती कळायला पाच मिनिटं लागली. त्या सुताराच्या शिक्षणाच्या रकान्यात मी "प्राथमिक" लिहिलं. फॉर्ममध्ये म्हणींसाठी रकाना नव्हता.

याच्या उलट बाजूकडे फार कमी लोक बघतात. वरच्या वर्गातल्या तरुणांना योरुबा पेपर अनेकदा *वाचताच येत नाही*. बोलतात झकास. पण त्यांच्या खासगी इंग्रजी शाळेत "व्हर्नाक्युलर" बोललं तर शिक्षा व्हायची, योरुबा लिहिणं तर दूरच. लागोसच्या एका बँकेत काम करणाऱ्या मुलीला मी एक परिच्छेद मोठ्याने वाचायला दिला. ती तिसऱ्या ओळीत अडखळली आणि ओशाळून म्हणाली, "हे माझी आई भराभर वाचते." आई बाजारात कापड विकायची.

अडचण खरी आहे. योरुबा ही स्वरांच्या चढउतारावर चालणारी भाषा. ओको हा एकच शब्द घ्या. सूर बदलला की त्याचा नवरा होतो, कुदळ होते किंवा गाडी होते. व्याकरणाच्या पुस्तकात त्यावर चिन्हं असतात. पेपरवाले बहुतेक वेळा ती गाळतात, कारण जुळवायला वेळ लागतो आणि जागा जाते. मग संदर्भावरून ओळखावं लागतं आणि हे कसब सरावाने येतं, पदवीने नाही. त्यात 1974 मध्ये लेखनपद्धती बदलली. जुन्या शाळेतले म्हातारे 'आइये' (जग) जुन्या वर्णाक्षरांत लिहितात, नव्या नियमात त्यातलं एक अक्षर गेलं. म्हणजे कोणत्या साली शाळेत होता, यावरही पेपर सोपा की अवघड हे ठरतं. म्हणून नुसतं "शिक्षण किती" हा घटक घेऊ नका. "पहिली चार वर्षं कोणत्या भाषेत आणि कोणत्या साली" हे विचारा. उत्पन्नापेक्षा मला या एका प्रश्नातून जास्त कळत आलंय.

धर्माबद्दल थोडंच, पण गाळू नका. लॅटिन लिपी मिशनच्या शाळांतून आली. मुलं बाटतील या धास्तीने अनेक मुस्लिम घरांनी त्या शाळा टाळल्या. तिथे कुराणाच्या शाळेतून अरबी लिपी येत होती आणि इलोरिनसारख्या ठिकाणी अरबी अक्षरांत योरुबा लिहिण्याची जुनी परंपरा आहे. म्हणजे जो माणूस सरकारी मोजणीत निरक्षर, तो दुसऱ्या लिपीत साक्षर असू शकतो. 1923 मध्ये लागोसला अन्सार-उद-दीन ही संस्था निघाली ती मुस्लिम मुलांसाठी आधुनिक शाळा काढायलाच. दोन-तीन पिढ्यांत ही दरी बरीच बुजली. पण साठीपुढच्या वाचकांची तुलना करत असाल तर धर्माचा रकाना हवाच.

आता 1996. 'आलारोये', म्हणजे सविस्तर सांगणारा, त्या वर्षीच्या जुलैत अलाओ अदेदायो यांनी साप्ताहिक म्हणून नियमित सुरू केला. याआधीचे त्यांचे प्रयत्न टिकले नव्हते. हाच का टिकला? काळ बघा. 12 जून 1993 ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक योरुबा उद्योगपती मोशूद अबिओलांनी जिंकली, लष्कराने ती रद्द केली, अबिओला तुरुंगात आणि देशावर लष्करशहा सानी आबाचांची हुकूमशाही. आपल्या माणसाचं काय चाललंय हे योरुबा प्रदेशात प्रत्येकाला हवं होतं आणि ते घरच्या भाषेत, टोमण्यासकट हवं होतं. गंमत म्हणजे अबिओलांच्या स्वतःच्या कॉन्कॉर्ड वृत्तपत्रसमूहाचाही 'इसोकान' नावाचा योरुबा पेपर होता. जुने विक्रेते मला सांगायचे की त्या दोन वर्षांत गाडीतून उतरून आलारोये मागणारे साहेबलोक त्यांनी पहिल्यांदा पाहिले. 1998 मध्ये आबाचा गेला, महिन्याभरात अबिओलाही गेले. मग पेपर गुन्हे, फूजी (योरुबा लोकप्रिय संगीत) गाणारे गायक, नट-नट्यांची भांडणं यांच्याकडे जास्त वळला आणि साहेबलोक पुन्हा न्हाव्याच्या दुकानात जाऊन वाचू लागले. वाचकाचा वर्ग बातमीच्या गरजेने वरखाली सरकतो, हे मी तिथे शिकलो.

तिसरा माणूस राहिला, बातमी पोचणारा. नायजेरियात पेपरच्या टपरीसमोर सकाळी घोळका असतो. विकत कोणी घेत नाही, मथळे वाचून वाद घालतात. याला गमतीने "फ्री रीडर्स असोसिएशन" म्हणतात. त्यात एक जण योरुबा मथळा मोठ्याने वाचतो, चौघं ऐकतात. दानफोचा (लागोसमधल्या छोट्या प्रवासी गाडीचा) कंडक्टर ऐकून जातो आणि पुढच्या थांब्यावर बातमी सांगतो. रेडिओवर सकाळी "कोको इनू इवे इरोयिन", म्हणजे पेपरांतलं महत्त्वाचं, असा कार्यक्रम लागतो. त्यात इंग्रजी पेपरांचे मथळेसुद्धा योरुबातून सांगतात. बाजारातली इया (आई म्हणतो तसं, मोठ्या बाईला) टोमॅटो रचता रचता सगळं ऐकते. ती वाचक आहे का? खपाच्या हिशेबात नाही. पण परवाच्या संपादकीयावर तिचं मत तयार असतं. बायकांचं प्रमाण आमच्या पाहण्यांत नेहमी कमी दिसायचं, त्याचं एक कारण हेच. त्यांना विचारायला हवं होतं "काय ऐकलंत?", आम्ही विचारत होतो "काय वाचलंत?"

आणि हा गैरसमज टिकतो कसा? जाहिरातींमुळे. एजन्सी म्हणते वाचक गरीब, म्हणून बँक जाहिरात देत नाही. बँक देत नाही म्हणून पेपरात जडीबुटी आणि प्रार्थनासभांच्या जाहिराती. त्या बघून एजन्सीचा नवा पोरगा म्हणतो, बघा, वाचक गरीबच! मीही या चक्राला माझ्या तक्त्यांनी वंगण घातलंय, हे कबूल करतो. एका बैठकीत मी न्हाव्याच्या दुकानाची गोष्ट सांगितली. साहेब हसले आणि जाहिरातीचा दर तोच ठेवला.

तेव्हा प्रबंधासाठी माझं म्हणणं असं. शिक्षण, उत्पन्न, वय ठेवा, पण त्यांच्यासोबत सुरुवातीच्या शाळेची भाषा, शाळेची वर्षं, घरचा धर्म आणि गाव की शहर हे घ्या. प्रत्येकाला तीन वेगळे प्रश्न विचारा: विकत घेतला का, हातात घेऊन वाचला का, कोणी वाचून दाखवलं का. जमलं तर सहा ओळींचा उतारा वाचून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही असं आधी सांगा, नाहीतर बँकेतल्या मुलीसारखं होईल. 2018 पासून बीबीसीची योरुबा सेवा आहे, तिथले वाचक म्हणजे बहुतेक मोबाइलवर वाचणारे तरुण. त्यांना छापील साप्ताहिकाच्या वाचकांत मिसळू नका, त्यांचा वेगळा विभाग करा.

मराठीशी तुलना करण्याचा मोह होईल. 1832 चं दुभाषी 'दर्पण', 1842 चं मिशनऱ्यांचं 'ज्ञानोदय' आणि 1859 चं 'इवे इरोहिन' शेजारी ठेवली की साम्य डोळ्यांत भरतं. पण आपल्याकडे मराठी पेपरला मराठी शाळांची मोठी, सलग साखळी मिळाली आणि पदवीधर माणूस मराठी पेपर उघड्यावर वाचतो. योरुबाला ती साखळी 1955 नंतर आणि अर्धीच मिळाली. 1970 मध्ये इफे विद्यापीठाच्या प्राध्यापक फाफुन्वांनी पूर्ण सहा वर्षं योरुबातून शिकवण्याचा प्रयोग केला. मुलं मागे पडली नाहीत, उलट चांगली निघाली, तरी तो सगळीकडे पसरला नाही. तुलना करायचीच असेल तर ती शाळांची करा, पेपरांची नंतर.

एक शेवटची सूचना, अगदी कामाची. मुलाखत माणसाच्या ऑफिसात घेऊ नका. न्हाव्याकडे, शिंप्याच्या दुकानात किंवा गाडीतळावर घ्या आणि आधी तिथल्या बाकावर कोणता पेपर पडलाय ते लिहून घ्या.